पेरणीच्या आधी पाण्याची वाट मोकळी करा

रोहिणी सरत आल्या, मृग तोंडावर आहे. बी आणलं का, खत मिळालं का, ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं का, गावोगाव सध्या हीच चर्चा आहे. मी भेटेल त्याला दुसरंच विचारतो. तुमच्या रानातलं जास्तीचं पाणी कुठून बाहेर पडतं, जरा बोटाने दाखवा. बहुतेक जण बांधाकडे बघतात आणि गप्प होतात.

मराठवाडा आणि विदर्भातल्या काळ्या रानांत मी वीसेक वर्षं फिरतोय. खोडमाशीने, चक्रीभुंग्याने, पिवळ्या मोझॅकने सोयाबीन गेलेली पाहिली आहे, बोंडअळीने कपाशी गेलेली पाहिली आहे. पण तिथे थोडंफार तरी पदरात पडतं. ज्या रानात तीन-चार दिवस पाणी तुंबून राहिलं तिथे मात्र काढणीचा खर्चसुद्धा निघत नाही. वाईट याचं वाटतं, की या नुकसानीवरचा इलाज कुठल्याच दुकानात नसतो. तो आपल्या घरात, कोपऱ्यात उभ्या असलेल्या फावड्यात असतो. आणि तोच राहून जातो.

एक रान डोळ्यांसमोरून हलत नाही. उताराच्या खालच्या बाजूला, बांधाला लागून जुनी ओघळ होती. दोन पिढ्यांपासून वरच्या सगळ्या रानांचं पाणी तिथूनच नाल्याला जायचं. मुलाने हौसेने ट्रॅक्टर घेतला, ओघळ नांगरून सपाट केली आणि तिथे सोयाबीनचे तीन तास, म्हणजे पेरणीच्या तीन ओळी, जास्तीच्या बसवल्या. दोन वर्षं पावसाने साथ दिली. तिसऱ्या वर्षी शेंगा भरायच्या वेळेला एका रात्रीत पाऊस कोसळला आणि पाणी पाच दिवस हललं नाही. मी गेलो तेव्हा गुडघाभर सोयाबीन वरून हिरवीच दिसत होती. एक झाड उपटलं, तर मुळाची साल बोटांत निसटून आली. आत नुसती पांढरी दोरी, आणि कुजल्याचा उग्र वास. मुळावरच्या गाठी नखाने फोडून पाहिल्या. निरोगी गाठ आतून गुलाबी असते. या गाठी राखाडी होत्या आणि दाबल्या की पाणी सुटत होतं. तीन ओळींसाठी दोन एकर गेले.

यात दोष एकट्या त्या मुलाचा नाही. 1972 च्या दुष्काळापासून आपल्याला एकच गोष्ट शिकवली गेली, पाणी अडवा, पाणी जिरवा. ती शिकवण खरी आहे, तिने माळरानं जगवली, विहिरींना पाणी आणलं. मुरमाड, चढ-उताराच्या जमिनीत ती आजही शंभर टक्के लागू आहे. पण सपाट, खोल काळ्या रानात अडवलेलं पाणी जिरतच नाही. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात, आणि मग तासाला एक-दोन मिलिमीटरसुद्धा पाणी खाली उतरत नाही. तिथे अडवलेलं पाणी पिकाच्या गळ्याशी येऊन थांबतं. बांध घालायला आपण शिकलो, पण बांधाला सांडवा ठेवायचं विसरलो. पूर्वी पाऊस टप्प्याटप्प्याने यायचा, म्हणून हे विसरणं खपून गेलं. आता खपणार नाही.

का खपणार नाही, ते समजून घ्या. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद साधारण 7 टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापतोय, त्यावरून येणारं वारं जास्त ओल घेऊन येतं आणि ती ओल एकदम ओतून मोकळं होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. दुसऱ्या बाजूला पावसाळ्यातले खंडही वाढलेत. म्हणजे वर्षाची सरासरी जवळपास तीच दिसते, पण मधले पंधरा दिवस कोरडे आणि मग चार तासांत सगळा हिशोब.

आपण हे भोगलेलंच आहे. ऑगस्ट 2023 हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. 2025 मध्ये मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला, एवढ्या लवकर पोचल्याची नोंद यापूर्वी नव्हती. लोकांनी तिफणी काढल्या आणि मग त्याने जवळपास दोन आठवडे दडी मारली. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सीना नदीकाठी सोलापुरात पिकांसकट माती वाहून गेली. नदीच्या पुरापुढे चर काही कामाचा नाही, हे मी जाणतो. खोटी आशा दाखवत नाही. पण नदीपासून लांब, गावाच्या वरच्या अंगाला असलेली हजारो एकर सोयाबीन पुराने गेली नव्हती. ती साचलेल्या पाण्याने गेली. ती वाचवता आली असती.

एक हिशोब मनात ठेवा. एका एकरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे चार लाख लिटर पाणी आलं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर तुमच्या एका एकरात रिकामे झाले. त्यांना बाहेर जायला दार हवं की नको?

मुळाला हवा लागते. मातीच्या पोकळीत पाणी भरलं की हवा आत शिरायची जवळपास थांबते, कारण प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजार पटीने हळू तो पाण्यातून पसरतो. मातीत उरलासुरला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. मुळं श्वास कोंडून काम थांबवतात, गाठीतले जिवाणू नत्र बांधायचे थांबतात आणि जमिनीतला नत्रही पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून पीक पिवळं पडतं. तूर याहून नाजूक. तिला दोन दिवस पाणी लागलं की ती उबळायला, म्हणजे उभी वाळायला, सुरुवात होते, आणि एकदा उबळलेली तूर परत उभी राहिलेली मी पाहिलेली नाही.

आता काम. हे पेरणीच्या आधी करायचं आहे, पेरणीनंतर रानात पाय ठेवता येत नाही.

आधी पाणी कुठे तुंबतं ते शोधा. मागच्या पावसाळ्यात कुठे पीक बुटकं राहिलं ते आठवा, घरच्या बायकांना विचारा; खुरपणीला वाकून चालणाऱ्या माणसाला चिखल कुठे असतो ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. माझा एक ठोकताळा आहे, विद्यापीठाच्या पुस्तकात सापडणार नाही. लव्हाळा आणि केना ज्या पट्ट्यात दरवर्षी दाट येतो, तिथे खाली पाणी थांबतं असं समजा. आजवर हा अंदाज फारसा चुकलेला नाही.

मग उतार बघा. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या रानालाही उतार असतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, दोघांनी दोन टोकं धरा, कळतं. शंभर फुटांना सहा इंच उतार चराला पुरतो. त्याहून जास्त दिला तर चर स्वतःच माती कापत खोल जातो आणि पुढच्या वर्षी तिथे घळ होते.

रानाच्या खालच्या बाजूने बांधाच्या आत दीड ते दोन फूट खोल आणि तेवढाच रुंद चर काढा. वरच्या रानाचं पाणी आत शिरत असेल तर वरच्या बांधालाही एक आडवा चर हवा; आलेलं पाणी बाजूने वळवून खाली न्या, पिकातून नको. चर जिथे बांधाला मिळतो तिथे बांध फोडून सोडू नका. दगड रचून सांडवा करा किंवा सिमेंटचा पाइप टाका, तोंडाशी हराळी, मारवेल लावा म्हणजे माती धरून राहील. शेततळं असेल तर चराचं तोंड त्याच्याकडे वळवा. हेच पाणी सप्टेंबरातल्या खंडात एका संरक्षित पाण्याला कामाला येतं. जुनी ओघळ बुजवली असेल तर ती उघडा. पिकाच्या दोन-तीन ओळी गेल्या तर जाऊ द्या.

रानाच्या आतल्या पाण्यासाठी रुंद वरंबा सरी. ती पाडणारं बीबीएफ यंत्र मिळालं तर उत्तम, वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी. यंत्र नाही मिळालं तरी अडून राहू नका. साध्या पेरणीत दर सहा ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडा. पीक महिन्याचं होत आलं की शेवटच्या डवरणीला डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गच्च गुंडाळा आणि त्या रिकाम्या ओळीतून चालवा. माती दोन्ही बाजूंना लागते, मधे सरी पडते, झाडांना भर मिळते ती वेगळीच. बळीराम नांगरानेही होतं. पेरणी उताराला आडवी आणि सरीचं तोंड खालच्या चरात उघडं हवं. सरी काढून तोंड बंद ठेवलेली रानं मी दरवर्षी बघतो. ती सरी म्हणजे पाण्याचा कोंडवाडा आहे, तिचा उपयोग नाही. तोंड उघडं आहे ना, हे स्वतः जाऊन बघा, मजुराच्या शब्दावर सोडू नका.

पाऊस कमी पडला तर सरीने पाणी घालवलं असं होणार नाही का, हे मला नेहमी विचारतात. होत नाही. हलक्या पावसाचं पाणी सरीतच थांबून दोन्ही वरंब्यांना ओल देतं, वाहून जातं ते फक्त न मावणारं. खंड लांबेल असं दिसलं तर सरीचं तोंड मातीने हलकं बांधा आणि मोठ्या पावसाचा इशारा आला की उघडा. फावड्याचे चार घाव लागतात.

पेरणीचं बाकीचं तुम्हाला माहीत आहे, फक्त यादी देतो:

– 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही. मे महिन्यातल्या पावसाला मृग समजू नका.
– घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासा. 70 टक्क्यांच्या खाली असेल तर वापरू नका.
– बीजप्रक्रिया: कार्बोक्झिन 37.5 टक्के अधिक थायरम 37.5 टक्के हे मिश्र बुरशीनाशक 3 ग्रॅम प्रति किलो. नंतर खोडमाशीसाठी थायामिथोक्झाम 30 एफएस 10 मिली प्रति किलो. शेवटी रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं, प्रत्येकी 250 ग्रॅम 10 किलो बियाण्याला. क्रम उलटा करू नका.
– खोली 3 ते 5 सेंटिमीटर, त्यापेक्षा खोल नाही.
– खत हेक्टरी 30 किलो नत्र, 60 किलो स्फुरद, 30 किलो पालाश, 20 किलो गंधक. सगळं पेरणीबरोबर.
– मूग, उडीद 7 जुलैपर्यंत. सोयाबीन, कपाशी 15 जुलैपर्यंत. त्यानंतर तूर, बाजरी, सूर्यफुलाकडे वळा.
– सगळं रान एकाच वाणाचं करू नका. लवकर आणि उशिरा येणारे दोन वाण ठेवा, काढणीच्या पावसात सगळं एकदम सापडणार नाही.
– संत्रा, मोसंबी: दोन ओळींमागे एक चर, खोडाला पावसाआधी बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी).

आता अतिवृष्टी झाली, तर पुढचे चोवीस तास सगळ्यांत मोलाचे. पाऊस उघडायची वाट बघू नका. पोत्याची खोळ घ्या, फावडं घ्या आणि खालच्या कोपऱ्यात जा. चरात काडीकचरा, वाहून आलेलं तण अडकलेलं असतं, ते काढा. रात्र असेल किंवा विजा होत असतील तर मात्र घरीच थांबा, पहाटे जा. माणसापेक्षा पीक मोठं नाही. एवढ्यासाठी दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा, आणि मेघदूत ॲपवर मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला बघत जा. नारंगी किंवा लाल इशारा आला की त्या दिवशी फवारणी, खत देणं बंद. तेवढा वेळ चर साफ करण्यात घाला.

वरचं पाणी गेलं म्हणजे मूळ मोकळं झालं असं नाही. पाऊस थांबल्यावर चौथ्या दिवशी रानाच्या मधोमध दीड फुटाचा खड्डा घ्या. अर्ध्या तासात तळाला पाणी पाझरलं, माती निळसर राखाडी दिसली आणि गटारासारखा वास आला, तर मुळं अजून पाण्यातच आहेत. चर आणखी खोल करा. वाफसा, म्हणजे रानात काम करण्याजोगी ओल, पाहायला मातीचा लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर कोळपं घाला, चपटा झाला तर थांबा. ओल्या रानात घाईने कोळपं घातलं तर ढेकूळ होतं आणि उरलेली हवाही जाते.

याच दिवसांत दुकानापुढे गर्दी होते. पीक पिवळं पडलेलं, माणूस घाबरलेला, आणि काउंटरवर चार बाटल्यांचा संच तयार असतो: टॉनिक, ह्युमिक, वाढरोधक, वर एखादी चकचकीत पुडी. माझ्या ओळखीच्या एकाने एका हंगामात अशा संचावर बियाण्याहून जास्त पैसे घातले. पाणी मात्र रानात तसंच उभं होतं. ज्या झाडाच्या मुळाला श्वास नाही त्याच्या पानावर काहीही फवारलं तरी ते पोचत नाही. दुकानदाराला विचारा, या बाटलीत नेमकं काय आहे आणि कुठल्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. उत्तर गोलमोल आलं तर पैसे खिशात ठेवा. पक्की पावती घेतल्याशिवाय काही घेऊ नका.

पाणी निघून वाफसा आल्यावर, तेव्हाच, एवढं करा. सोयाबीन पिवळी असेल तर 2 टक्के युरिया, म्हणजे 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम, किंवा 13:0:45 हे खत 100 ग्रॅम, एकच फवारणी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडलंय, 10 लिटरला 50 ग्रॅम हिराकस आणि 25 ग्रॅम चुन्याची निवळी. चांगल्या निचऱ्याच्या रानात हा पिवळेपणा आठ-दहा दिवसांत आपोआपही जातो, हा माझा अनुभव आहे. म्हणून आधी चार दिवस बघा, मग फवारा. कपाशीला राहिलेला नत्राचा हप्ता वाफशावरच.

कपाशीत खंडानंतर एकदम मोठा पाऊस झाला आणि ऊन पडलं की झाडं दुपारी अचानक माना टाकतात. ही आकस्मिक मर आहे, रोग नव्हे. इथे तासांचा हिशोब असतो. पाणी काढून द्या, आणि 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश (0:0:50), 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड 10 लिटर पाण्यात मिसळून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी 100 मिली आळवणी करा. बुंध्याजवळची माती पायाने दाबून घ्या. फक्त माना टाकलेल्या झाडांना करा, सगळ्या रानाला नको.

शेजाऱ्याने तुमच्या पाण्याची वाट बंद केली असेल तर आधी दोन जाणत्या माणसांना घेऊन बोला. बहुतेक ठिकाणी पाइपचा अर्धा-अर्धा खर्च ठरला की भांडण मिटतं. नाहीच मिटलं तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 प्रमाणे, नैसर्गिक प्रवाहात घातलेला अडथळा काढण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. अर्ज अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत करावा लागतो, हे लक्षात ठेवा. पुष्कळ जण पुढचा पावसाळा येईपर्यंत थांबतात आणि मुदत घालवून बसतात. पीक विम्याचे नियमही वर्षागणिक बदलतात. साचलेल्या पाण्याच्या नुकसानीला या वर्षी संरक्षण आहे की नाही, ते हप्ता भरतानाच वाचून घ्या.

उत्तरा, हस्ताचा पाऊस आता हक्काने काढणीत येतो. सोयाबीनची गंजी लावताना जागा उंचवट्याची घ्या, खाली ताडपत्री, भोवती वीतभर चर. गंजी वरून झाकलेली आणि खालून भिजलेली, असं दरवर्षी होतं. तिथेही पाण्याची वाटच चुकलेली असते.

राहिलं एक काम, ते पहिल्या मोठ्या पावसाचं. सगळे त्या दिवशी पेरणीच्या घाईत असतात. तुम्ही दहा-बारा खुंट्या घेऊन पाऊस चालू असतानाच रानात जा. जिथे जिथे पाणी थांबलेलं दिसेल तिथे खुंटी ठोका, आणि पाणी कुठल्या बाजूला सरकू पाहतंय तिकडे टाचेने रेघ ओढा. दोन दिवसांनी जमीन सुकली की या जागा डोळ्यांना सापडत नाहीत. वाफसा आला की तिफण जोडण्याआधी त्या खुंट्यांपासून खालच्या चरापर्यंत सऱ्या पाडून घ्या.